ताप, साखर आणि घास

मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला घरात सर्वांत आधी काय दिलं जात असेल, तर पाणी. मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या किंवा वाशीम जिल्ह्यातलं दुसरं कोणतंही गाव. माणूस बोलता बोलता अडखळतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं, हात लुळा पडतो. भोवती जमलेल्यांतून कुणीतरी म्हणतं, "त्याइले थोडं पानी पाजा." त्यामागे माया असते, पण घशाचे स्नायू मेंदूच्याच हुकमावर चालतात आणि त्या घडीला तोच हुकूम तुटलेला असतो. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. पुढच्या दोन-चार दिवसांत न्यूमोनिया होतो आणि रक्तस्रावातून वाचलेला माणूस छातीच्या आजारानं जातो.

हे मी इतक्या काकुळतीनं लिहितो आहे, कारण मेंदूतला रक्तस्राव हा पक्षाघाताचाच एक प्रकार, आणि पक्षाघात हा आजार आपल्याकडे फार मोठा आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. दोन वर्षांतल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघातानं झाले होते. दुसरं कुठलंच कारण त्याच्या पुढे नव्हतं. आणि या माणसांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक जण घरीच दगावले. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोली विदर्भाच्या पूर्वेला आणि वाशीम पश्चिमेला असलं, तरी दवाखान्यापासूनचं अंतर आणि वर्षानुवर्षं न मोजलेला बीपी या गोष्टी दोन्हीकडच्या खेड्यांना ओळखीच्या आहेत.

आपण ज्याला लकवा म्हणतो तो पक्षाघात दोन प्रकारे येतो. एकात रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते, दुसऱ्यात ती फुटते. जगभरातल्या नव्या पक्षाघातांमध्ये फुटण्याचा प्रकार चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. बहुतेकदा त्यामागे वाढलेला रक्तदाब असतो. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या बारीक धमन्या वर्षानुवर्षांच्या दाबानं जीर्ण होतात आणि एक दिवस फुटतात. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनसारख्या तपासणीतच कळतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घरात कुणाच्या सल्ल्यानं देऊ नये. गुठळीत जी उपयोगी, तीच रक्तस्रावात घातक.

कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही. आत मेंदू, रक्त आणि पाण्यासारखा द्रव यांनी जागा भरलेली असते. सांडलेल्या रक्तासाठी जागा करायची तर दुसऱ्या कशाला तरी हटावं लागतं. आधी द्रव हटतो, मग शिरांतलं रक्त, आणि शेवटी मेंदूच खाली सरकू लागतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा रक्ताचा गोळा पहिल्या चोवीस तासांत वाढतो, तोही बहुधा सुरुवातीच्या काही तासांत. शस्त्रक्रियेनं तो काढून टाकावा, असं कुणालाही वाटेल. लहान मेंदूतल्या मोठ्या रक्तस्रावात ती जीव वाचवतेही. पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, लवकर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांना एकंदरीत वेगळा फायदा दिसला नाही. त्यामुळे बरेचसे रुग्ण ऑपरेशनशिवाय कॉटवरच असतात, आणि त्यांच्याजवळ तासन् तास असते ती सिस्टर.

ती काय करते, हे नातेवाइकांना बाहेरून कळत नाही. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी बीपी. मग डोळे उघडतात का, बोलतो का, सांगितलं की हात हलवतो का, याचे गुण. ग्लासगोमध्ये १९७४ साली तयार झालेली ही मोजपट्टी ३ ते १५ अशी आहे. सकाळी १४ असलेला रुग्ण दुपारी १२ वर आला, तर कुणी ओरडण्याआधी नोंदीचा कागद ओरडतो. त्यानंतर टॉर्च घेऊन बाहुल्या. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला आकसेना, तर सरकलेला मेंदू डोळ्याच्या नसेवर दाब देतो आहे. बीपी चढतो, नाडी मंदावते, श्वास वेडावाकडा होतो, ही तिन्ही एकत्र दिसली तर वेळ फार थोडा उरलेला असतो. डॉक्टर राउंडला येऊन जातात. हा बदल ज्या घडीला होतो, त्या घडीला कॉटशी बहुधा परिचारिकाच असते. उशाकडची बाजू तीस अंश उचललेली, मान सरळ, घशातला चिकटा यंत्रानं ओढलेला, शौचाला कुंथावं लागू नये म्हणून औषध, ही सगळी डोक्यातला दाब वाढू न देण्याची कामं आहेत.

या कामाचं मोल मोजूनही झालं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात विभागांत परिचर्येच्या प्राध्यापक सँडी मिडलटन यांनी एक प्रयोग केला. त्यात गुठळीचे आणि रक्तस्रावाचे, दोन्ही रुग्ण होते. निम्म्या ठिकाणी परिचारिकांना तीन गोष्टी पक्क्या करून दिल्या. ताप नियमित मोजायचा आणि ३७.५ सेल्सिअसला पोचताच उतरवायचा. रक्तातली साखर चढू द्यायची नाही. आणि गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय तोंडातून काहीही द्यायचं नाही. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. तीन महिन्यांनी इतर विभागांतले ५८ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते, या विभागांत ४२ टक्के. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, तेव्हापासून या तीन गोष्टींना किरकोळ म्हणण्याचा अधिकार कुणालाच राहिलेला नाही. पुढे २०२३ साली भारतासह दहा देशांतल्या ७,००० हून अधिक रक्तस्रावाच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणं, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उतारा अशी मोट बांधली होती. तिथंही रुग्णांची पुढची स्थिती अधिक चांगली राहिली.

रुग्ण घरी गेल्यावर खरी लांबण सुरू होते. सुनेनं किंवा मुलानं दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज पाहायच्या. तिथली लाली दाबूनही जात नसेल तर जखम सुरू झालीच आहे. उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. नाकातल्या नळीनं भरवायचं तर डोकं वर, आणि त्यानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं. बीपीची गोळी बरं वाटलं तरी बंद करायची नाही. मात्र घरच्यांना शिकवलं की झालं, असंही नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांचे दोन गट करून, त्यांतल्या एका गटाच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवून पाहिलं. २०१७ साली निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. कुटुंबाची माया परिचारिकेची जागा भरून काढत नाही. तिची भेट घरापर्यंत पोचायला हवी.

लकव्याची लक्षणं दिसताच इंझोरीकरांनी १०८ ला फोन करावा, रुग्णाला कुशीवर निजवावं, तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावं. दवाखान्यातून सुट्टी घेताना भरवणं आणि कूस बदलणं सिस्टरांकडून स्वतःच्या हातानं करून शिकून घ्यावं. वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. तिथं यंत्रांची मागणी करताना रात्रपाळीला पुरेशा परिचारिका मिळाव्यात ही मागणीही तितक्याच जोरानं करा.