समुद्रावर हुकूम कोणाचा? मच्छीमार घरांनी समजून घ्यावं असं

एलईडीचे प्रखर दिवे लावून मासळी खेचणाऱ्या बोटी आल्या, की वेळणेश्वर, बोऱ्या, जयगडच्या छोट्या होडीवाल्यांची जाळी रिकामी राहतात. मग प्रश्न येतो, तक्रार कोणाकडे करायची? समुद्रावर तीन खाती राखण करतात आणि तिघांचे साहेब वेगळे. कोण काय करतं, ते आपण पाहू.

पहिलं मत्स्य व्यवसाय खातं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या 1981 च्या कायद्याखाली येते. पूर्वी दंडाची सुनावणी तहसीलदारांपुढे चालायची. 2021 च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्य खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आला. एलईडी मासेमारीला आता 5 ते 20 लाख रुपये दंड आहे. म्हणून ही तक्रार इथेच, आणि लेखी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.

दुसरे सागरी पोलीस. आपल्या जिल्ह्यात दाभोळ, पूर्णगड, नाटे अशी त्यांची ठाणी आहेत आणि प्रमुख जिल्हा पोलीस अधीक्षक. तस्करी, चोरी, अनोळखी बोट असं काही दिसलं तर 1093 वर कळवावं.

तिसरं तटरक्षक दल, म्हणजे कोस्ट गार्ड. रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून 1 फेब्रुवारी 1977 रोजी ते सुरू झालं, 1978 मध्ये त्याचा कायदा झाला. पहिले महासंचालक व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत. त्यांची गस्त 200 सागरी मैलांपर्यंत चालते. होडी बुडत असेल, खलाशी हरवला असेल, तर 1554.

2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर आली आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात ताळमेळ राखण्याचं काम तटरक्षक दलाकडे. पण साहेब कितीही मोठा असला तरी पाण्यावर रोज असतो तो तांडेलच. त्याने खबर दिली नाही तर गस्ती बोट आंधळी. आणि तपासणीच्या वेळी त्याला मान मिळाला नाही, तर तो खबर तरी का देईल? आपल्या बाजूने परवाना, नोंदणी आणि खलाशांची ओळखपत्रं होडीत तयार ठेवावीत.

आम्ही शिक्षक पालकांना आणखी एक सांगतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेला मुलगा तटरक्षक दलात नाविक पदासाठी परीक्षा देऊ शकतो. पदवीनंतर असिस्टंट कमांडंट होता येतं, मुलींनाही. समुद्र ओळखणारी आपली मुलं त्या खुर्चीपर्यंत पोचली, तर होडीवाल्याचं म्हणणं तिथे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.