पेढीची पत आणि मुलांचे मौन

व्यापारी घरात पत हेच खरे भांडवल. ऑनलाइन धमकावणारा नेमके हेच ओळखून असतो. समवयस्क असल्याचे भासवून तो मैत्री वाढवतो, खासगी छायाचित्र मिळवतो आणि मग ते नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागतो. घराण्याच्या नावाला बट्टा लागेल या भीतीने मूल गप्प राहते. त्या मौनावरच भामट्याचा धंदा चालतो. एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते.

अशा वेळी पालकांचे पहिले वाक्य निर्णायक ठरते. ‘हे केलेसच कसे?’ याऐवजी ‘सांगितलेस, बरे केलेस’ असे म्हणावे. पैसे देऊ नयेत. संभाषण न पुसता पुरावा म्हणून जपावे. छायाचित्र मात्र कोणालाही पुढे पाठवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

खबरदारी मात्र आधीच घ्यावी. इन्स्टाग्रामवर किमान वय १३ वर्षे आहे. किशोरांची खाती तेथे मुळातच खासगी ठेवली जातात आणि १६ वर्षांखालील मुलांना ही बंधने सैल करण्यास पालकांची संमती लागते. जन्मवर्ष खोटे नोंदवले, तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून मुलासोबत बसूनच ती नोंद तपासावी.

लपवलेला तोटा वाढत जातो, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांच्या संकटाचेही तसेच आहे.