कोठारातील पाते

मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याच्या घरी पत्र्याच्या कोठीत ज्वारी असते. ती किती उरली, हे कळण्यासाठी झाकण काढावे लागत नाही. कोठी बोटांनी वाजविली, की जेथवर धान्य असते तेथवर बद्द आवाज येतो. त्याच्या वर पोकळ आवाज येतो.

परंतु कोठार कित्येक पुरुष उंच असले तर? भुसावळनजीक दीपनगर येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. अशा केंद्रांत कोळसा प्रचंड कोठारांत साठवितात. कोठार रिते झाले, तर भट्टीला कोळसा मिळत नाही. आत उतरून पाहावे, तर जिवावर बेतते. तळातून माल ओघळू लागला, की त्यावर उभा असलेला माणूस पाहता पाहता गाडला जातो.

म्हणून धान्य, सिमेंट, कोळसा यांच्या कोठारांच्या भिंतीत एक साधे यंत्र बसवितात. त्यातील लहानशी मोटर एक पाते संथपणे फिरवीत असते. माल चढत चढत पात्याशी आला, की पाते अडते. त्यासरशी मोटर स्वतःच किंचित कलते व कळ दाबली जाते. लागलीच दिवा लागतो किंवा माल आणणारा पट्टा थांबतो. माल खाली गेला, की पाते पुन्हा फिरू लागते. एक पाते वर व एक तळाशी असले, म्हणजे ‘भरले’ आणि ‘संपत आले’ हे दोन्ही निरोप मिळतात.

मात्र पात्यावर ओली भुकटी थिजली, तर ते रिकाम्या कोठारातही अडून राहते व खोटा निरोप देते. म्हणून ते वेळोवेळी तपासावे लागते.

कोठी वाजविणारी गृहिणी आणि भिंतीतील हे पाते, दोघांचे काम एकच: आत न शिरता आतले जाणणे.