नक्षी ताटाच्या काठावर

शेवटच्या वर्षाच्या आमच्या प्रकल्पाचा विषय एका ओळीचा होता: स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी चित्रनक्षींची मालिका. गाव आम्हीच निवडायचं होतं. आम्ही मालगुंड निवडलं. गणपतीपुळ्याच्या शेजारचं, केशवसुतांचं जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं कवीचं स्मारक बघायला लोक येतात, किनाऱ्यावर जातात आणि परत फिरतात. गावातल्या स्वयंपाकघरांपर्यंत पाहुणा सहसा पोचत नाही. आम्हाला तिथे बसू दिलं, काम करता करता बायका आमच्याशी बोलल्या. त्या वर्षातली खरी कमाई तीच होती, असं आता इतक्या वर्षांनी ठामपणे वाटतं.

समुद्र, माड, होड्या यांची रेखाटनं आमच्या वह्यांत होतीच. पण ती कुठल्याही किनाऱ्यावर चालली असती. मालगुंडची म्हणावी अशी नक्षी सापडली ती रोवळीत. तांदूळ धुताना पाणी जावं आणि दाणा राहावा, एवढ्याच हिशेबाने बांबूच्या बेळांची वीण घातलेली असते. तिच्याकडे बघत बसलं तर काढण्यासारखं खूप काही दिसतं. गणपतीच्या दिवसांत पातोळे झाले. हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा लेप, त्यावर गूळखोबऱ्याचं सारण, पान दुमडायचं आणि वाफवायचं. पान सोलून काढलं की त्याच्या शिरा पातोळ्यावर जशाच्या तशा उमटलेल्या असतात. हा ठसा कुणी चित्रकाराने काढलेला नाही, वाफेने काढलेला आहे. मोदकाच्या कळ्या, खवणलेल्या खोबऱ्याचे वळसे, उन्हात पसरलेली आणि रसाची पुटं दिलेली कोकमाची सालं. आमच्या वह्या हळूहळू अशा खुणांनी भरत गेल्या आणि होड्या मागे पडल्या.

मग चित्राची नक्षी करायची वेळ आली. ताटाच्या मधोमध मोठी वेल काढलेला नमुना मी एका आजींना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘अगो, भात वाढल्यावर तुझी वेल कुणाला दिसायची?’’ ताट म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात होतं. आपल्याकडे पानाची मांडणी ठरलेली असते: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात. म्हणजे जेवण वाढलं की तेच एक चित्र होतं. नक्षीने त्याच्यासाठी जागा सोडायची आणि काठावर राहायचं. त्यानंतरची आमची सगळी ताटं मधून मोकळी होती. हळदीच्या पानाच्या शिरा फक्त काठावर फिरत होत्या.

गोलात चित्र बसवायचं कसं, याचा धडा सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांनी दिला. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. राजा आणि वजीर सोडले तर बाकीच्या पानांवर त्या त्या अवताराचं चिन्ह एकपासून दहापर्यंत वाढत जातं. मासा, कासव, शंख, कुऱ्हाड. तीन मासे असोत की नऊ, वर्तुळ भरलेलं वाटतं आणि गर्दी कुठेच होत नाही. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या आवृत्तीच्या नियमांपेक्षा ही पानं समोर ठेवून मी अधिक शिकले.

रंगांनी मात्र आम्हाला बराच काळ अडवून धरलं. कोकमाचा लाल सर्वांना हवा होता. चिनी मातीच्या भांड्यावर चित्राचा कागदी छाप चिकटवून ते साधारण ८०० अंशांवर पुन्हा भाजतात. तिथे लाल टिकतो. पण तो रंग झिलईच्या वर बसतो, आणि आंबट पदार्थ अशा रंगावर काम करतात. लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम किंवा शिसं असेल तर ते अन्नात उतरू शकतं. म्हणून ज्या वाटीत सोलकढी वाढायची, तिच्या आतल्या बाजूला कोकमाचं लाल चित्र नको, असं ठरलं. झिलईखाली, कडक आचेत तग धरणारा भरवशाचा रंग म्हणजे कोबाल्टचा निळा. चीनपासून इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरपर्यंत इतकी भांडी निळी का, याचं मोठं कारण भट्टीत आहे. आणि वाटी तोंडाशी पसरट असल्याने सरळ पट्टी तिच्यावर बसत नाही. पट्टी कमानीसारखी वळवून काढावी लागते. हे कागदावर करून बघितल्याशिवाय कळत नाही.

असं काम मुंबईत फार आधी झालं होतं. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये १८७०च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी सिंधी झिलईच्या परंपरेवर कुंभकामाचा विभाग उभा केला. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. तिथल्या आकृती आणि वेलबुट्ट्या या भांड्यांवर आल्या. काम देखणं होतं, परदेशातल्या प्रदर्शनांत गेलं, साहेबांच्या दिवाणखान्यात पोचलं. मराठी घरातल्या चुलीजवळ मात्र ते आलं नाही, कारण ते तिथल्या हातांसाठी केलेलंच नव्हतं. आमच्या मालिकेतलं रेखाटन जे. जे.च्या त्या मुलांच्या जवळपासही जात नाही. पण आमचं ताट कोण धुणार आणि कुठे उपडं घालणार, हे आम्हाला माहीत होतं. माझ्या लेखी नक्षीची पहिली कसोटी तीच.

एक गोष्ट प्रकल्पाच्या चौकटीत बसली नाही, आणि आज तीच मला सर्वांत मोलाची वाटते. मालगुंडच्या फडताळांतल्या पितळी डब्यांवर, तांब्यांवर, परातींवर नावं होती. टोच्याने ठोकून घातलेली, टिंबाटिंबांची अक्षरं: सौ. अमुक, गाव, तारीख, कुठे लग्न, कुठे मुंज. अक्षर भांड्याच्या गोलाईबरोबर वळतं, जागा संपली की शेवटचा शब्द दाटीने बसतो. घराचा इतिहास इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही, आणि ही भांडी रोज मोडीत जात आहेत. भांडी ठेवणं सगळ्यांना जमणार नाही, हे मान्य. पण मोडीत घालण्याआधी नावावर पातळ कागद धरा, वरून शिसपेन्सिल आडवी घासा आणि मागे लिहून ठेवा की हे भांडं कुणाचं, कुठून आलं, त्यात काय शिजत होतं.