क्षमा करा, पण मार सोसू नका

“ख्रिस्ती बाईनं दुसरा गाल पुढं करावा,” असं आपल्याला ऐकवलं जातं. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय काढा. महायाजकापुढं शिपायानं येशूला चपराक मारली. येशूनं हात उचलला नाही, पण मारण्याचा जाब मात्र विचारला.

आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंही पाहा. १८९५ साली पती ख्रिस्ती झाले. बाईंनी नातं तोडलं नाही, पण नवऱ्यापाठोपाठ धर्मही बदलला नाही. स्वतःला पटलं तेव्हाच, १९०० साली बाप्तिस्मा घेतला. माया आणि स्वतःचं मत एकत्र नांदू शकतं.

म्हणून घरात शांतपणे, स्पष्ट सांगा, “तुमचं सगळं करीन, पण शिवी आणि मार चालणार नाही.” जिवाची भीती असेल तर मात्र बोलत बसू नका, आधी सुरक्षित जागी जा. गटातल्या ताईला सांगा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांसाठी आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

क्षमा मनातून करायची असते, बायांनो. त्यासाठी पाठ पुढं करावी लागत नाही.