'वाहणे' : एका क्रियापदाचा विचार

गेल्या पावसाळ्यात उमरी तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका बाईंनी प्रश्न विचारला. इंग्रजीच्या तासाला 'फ्लो' म्हणजे वाहणे असे मुलांना सांगावे लागते. पुढे 'फ्लुइड' व 'फ्लुएंट' हे शब्द येतात, आणि सर्दीतापाच्या साथीत 'फ्लू' तर घरोघर बोलला जातो. हे सर्व शब्द एकाच घरचे काय, असे त्यांचे विचारणे होते. त्या वेळी जेवणाची घंटा झाल्याने उत्तर अर्धवट राहिले. ते येथे सविस्तर देत आहे. मात्र उत्तर देता देता आपल्याच भाषेतील एका क्रियापदापाशी अधिक काळ थांबावे लागेल, हे आरंभीच सांगून ठेवतो.

लॅटिन ही प्राचीन रोमन लोकांची भाषा. तीत प्रवाही पदार्थाच्या वाहण्यास 'फ्लुएरे' हे क्रियापद आहे. 'मी वाहतो' असे म्हणावयाचे असता 'फ्लुओ' हे रूप येते. त्याचा मूळ अर्थ पाणी, रक्त, घाम यांचे आपल्या आपण पुढे जाणे, एवढाच. त्यावरून 'फ्लूमेन' म्हणजे नदी आणि 'फ्लुक्तुस' म्हणजे लाट ही नामे झाली. परंतु रोमन लोक हे क्रियापद पाण्यापुरते राखून ठेवीत नसत. सैल सुटलेले केस, घोळदार वस्त्र, सरणारा काळ आणि न अडखळणारी वाणी यांनाही ते लावीत. ऐषआरामात मनुष्य शिथिल झाला, तर तोही 'वाहतो' असे ते म्हणत. जे घट्ट राहत नाही, ज्याला स्वतःचा आकार नाही, ते वाहते, अशी ही कल्पना आहे. इंग्रजीतील 'फ्लुइड' व 'फ्लुएंट' हे शब्द याच घरचे होत.

'फ्लू'ची कथा थोडी गमतीची आहे. 'फ्लुएरे'च्या मागे 'इन्' हा आत या अर्थाचा उपसर्ग लागून 'आत वाहणे' असा शब्द बनला. आकाशातील ग्रहताऱ्यांपासून एक अदृश्य प्रभाव माणसांत वाहत येतो, अशी मध्ययुगीन युरोपात समजूत होती. त्या प्रभावास 'इन्फ्लुएन्शिया' म्हणत. प्रभाव या अर्थाचा इंग्रजी 'इन्फ्लुएन्स' हा शब्द त्यातूनच आला. इटलीत साथीचा रोगही या ताऱ्यांच्या प्रभावाचाच मानला गेला व 'इन्फ्लुएन्झा' हे नाव रूढ झाले. १९१८ साली हीच साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा आपल्या आजापणजांनी ताऱ्यांकडे न पाहता रोग्याकडे पाहिले आणि तिला 'मानमोडी' म्हटले. शब्द म्हणून मला हे नाव अधिक सरस वाटते.

आता 'फ्लो'. हा शब्द दिसण्यात 'फ्लुएरे'चा सख्खा भाऊ वाटतो, पण तो त्या घरचा नाही. तो जर्मानिक कुळातला असून त्याचे नाते संस्कृतातील 'प्लु' म्हणजे तरंगणे या धातूशी आहे. 'प्लव' व 'प्लुत' हे त्याचेच शब्द होत. चेहरा सारखा म्हणून सोयरीक ठरत नाही. आपल्याकडेही पायातील 'वहाण' ही पाय वाहून नेते म्हणून 'वाहणे'वरून आली, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक ती संस्कृत 'उपानह्' वरून, झिजत झिजत आली आहे. वर्गात शब्दांची कुळे सांगताना शिक्षकांनी ही सावधगिरी बाळगावी.

असो. 'फ्लुएरे'ला मराठी प्रतिशब्द कोणता, असे विचारले तर आपण चटकन 'वाहणे' म्हणतो. नदीपुरते ते बरोबरही आहे. पण या दोन क्रियापदांच्या मुळाशी असलेली चित्रे निराळी आहेत. 'वाहणे' हे संस्कृत 'वह्' या धातूपासून आले, आणि 'वह्' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, ओढणे. गाडी ओढणाऱ्या बैलास संस्कृतात 'अनड्वान्' म्हणतात. 'अनस्' म्हणजे गाडी, ती वाहणारा तो. 'वाहन' म्हणजे ज्यावरून नेले जाते ते. लॅटिनमध्ये या धातूचा खरा भाऊबंद 'वेहेरे' हा आहे, आणि इंग्रजीतील 'व्हेइकल' त्यावरूनच आला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांतील असे साम्य योगायोगाचे नसून या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली प्रतिपादिले होते. म्हणजे रोमन मनुष्याजवळ नेण्यासाठी एक व वाहण्यासाठी दुसरे अशी दोन क्रियापदे होती. आपण मात्र ही दोन्ही कामे एकाच क्रियापदाकडून करून घेतो.

हे कसे घडले, ते समजण्यास फार दूर जावयास नको. पुरात ओढ्यावरचा पूल नाहीसा झाला म्हणजे गावकरी दोन तऱ्हांनी बोलतात. 'ओढ्याने पूल वाहून नेला' असे कोणी म्हणतो, तर कोणी 'पूल वाहून गेला' असे. पहिल्या वाक्यात ओढा हा हमाल आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळच्या ब्रह्मगिरीवरून निघते व नांदेड जिल्ह्यातून पुढे तेलंगणात जाते, तेव्हा ती मुळात पाणी 'वाहते', म्हणजे वाहून नेते. नदी दुसरे काय नेणार? म्हणून कर्म बोलण्यातून गळाले आणि 'नदी वाहते' एवढेच उरले. पुढे ज्याला न्यावयाचे ते पाणीच 'वाहू' लागले. वाऱ्याचेही तसेच. संस्कृतात त्याचे एक नाव 'गंधवह' असे आहे, म्हणजे वास वाहून नेणारा.

या दुहेरीपणामुळे 'वाहणे' हे व्याकरणात उभयविध क्रियापद ठरते. 'नदी दुथडी भरून वाहिली' येथे ते अकर्मक आहे, आणि 'हमालाने पोते वाहिले' येथे सकर्मक. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो की नाही, एवढे पाहिले की चौथीचे मूलही हा भेद ओळखू शकते. उभयविध क्रियापदांच्या पाठात 'कापणे', 'उघडणे' ही नेहमीची उदाहरणे देण्याची प्रथा आहे. त्यांच्या जोडीला हे उदाहरण अवश्य द्यावे.

नेण्याच्या अर्थातून पुढे किती शाखा फुटल्या, ते पाहण्यासारखे आहे. ओझे वाहतात, त्याचप्रमाणे काळजीही वाहतात. तीही डोक्यावरचीच वस्तू आहे. देवाला फुले व बेल वाहतात, म्हणजे ती त्याच्यापर्यंत नेऊन पोचवितात. अग्नीला 'वह्नि' म्हणण्यामागेही, तो आहुती देवांपर्यंत वाहून नेतो, हीच कल्पना आहे. एक लक्ष फुले वाहण्यास लाखोली म्हणतात. लोकांनी ती शिव्यांचीही वाहिली, हा आपल्या भाषेचा खट्याळपणा होय. दिवंगतांस श्रद्धांजली वाहतात. एखादा कार्यकर्ता लोकसेवेस स्वतःला वाहून घेतो, तेव्हा फूलही तोच आणि वाहणाराही तोच. उलट जो 'वाहवत जातो' त्याने स्वतःला कोणालाच वाहिलेले नसते. त्याला दुसरेच कोणी नेत असते. एस.टी.तील 'वाहक', रस्त्यावरील 'वाहतूक' आणि विज्ञानाच्या पुस्तकातील 'रक्तवाहिनी' या सर्वांत तेच नेणे आहे. घरात मात्र नाक वाहते, कान वाहतो, जखम वाहते. तेथे अर्थ पुन्हा पाण्याच्या बाजूस वळतो.

एक शाखा मी मुद्दाम मागे ठेवली. ती सांगताना स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी चौथीला शिकवीत होतो. सहामाही परीक्षेत 'वाहणे' हा शब्द वाक्यात उपयोग करण्यास दिला होता. बहुतेकांनी नदी लिहिली, काहींनी ओझे. एका मुलाने लिहिले, 'आमचे आबा बटईने रान वाहतात.' मी त्यावर लाल शाईने फुली मारली. तेवढ्याने न थांबता, उत्तरपत्रिका वाटताना, 'काय रे, रान कसे वाहते? पुरात गेले काय?' असे सर्वांदेखत विचारले. वर्ग हसला. त्या मुलाने खाली मान घातली, आणि वर्ष संपेपर्यंत मराठीच्या तासाला त्याचा हात पुन्हा वर झालेला मला आठवत नाही. पुढे काही वर्षांनी घरच्या जमिनीच्या कामासाठी जुनी महसुली कागदपत्रे वाचण्याचा प्रसंग आला. त्यांत 'वहितीखालील जमीन' हे शब्द ठिकठिकाणी होते. वहिती म्हणजे जी वाहिली जाते, कसली जाते ती. बैल गाडी वाहतो तसा नांगरही वाहतो, आणि ज्या रानात नांगर वाहिला ते रान 'वाहिलेले'. चौथीतल्या त्या मुलाचे वाक्य 'वह्' धातूच्या मूळ अर्थाला माझ्या नदीपेक्षा अधिक जवळचे होते. तो गुण देण्यासाठी मुलगा तेव्हा माझ्या हाती राहिला नव्हता.

तेव्हापासून वाक्यात उपयोगाचा प्रश्न तपासताना मी एक नियम पाळतो. अनोळखी वाक्य दिसले की फुली मारण्याआधी मुलास जवळ बोलावून, 'हे तुमच्या घरी कोण म्हणते व कशाला म्हणते?' असे विचारावे. मुलाने खरेच चूक केली असेल, तर त्याला उत्तर देता येत नाही. वापरातला शब्द असेल, तर तो बैल, नांगर, कासरा सर्व काही सांगू लागतो. आपल्या सीमेलगतच्या गावांत काही मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. तेथे वाहण्यास 'प्रवहिंचु' असाही शब्द आहे. तो आपल्या 'प्रवाहा'चाच आहे, हे त्या मुलांना सांगून पाहावे. त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक लगेच दिसतो.

'प्रवाह' आला म्हणून उपसर्गांविषयी थोडे सांगतो. रोमन लोकांनी 'फ्लुएरे'ला उपसर्ग जोडून शब्द वाढविले, तसेच आपण 'वह्'चे केले. वधूला घेऊन जाणे तो 'विवाह', शेवटपर्यंत पार नेणे तो 'निर्वाह'. यांत लिहिण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जोडी 'आवाहन' व 'आव्हान' यांची आहे. 'आवाहन' हे 'वह्'चे. त्याचा अर्थ जवळ आणणे, बोलावून घेणे. पूजेच्या आरंभी देवाचे आवाहन करतात ते हेच. 'आव्हान' हे संस्कृत 'आह्वान'चे रूप असून ते 'ह्वे' म्हणजे हाक मारणे या निराळ्या धातूपासून झाले. मराठीत त्याला ललकारण्याचा अर्थ आला आहे. त्यामुळे शाळेच्या फलकावर 'पालकांना सभेस उपस्थित राहण्याचे आव्हान' असे लिहिले, तर आपण पालकांना कुस्तीस बोलावीत आहोत असा अर्थ होतो. असे फलक मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहेत.

दोन नद्या मिळतात त्या ठिकाणासही दोन भाषांनी निरनिराळ्या नजरेने पाहिले आहे. जर्मनीत ऱ्हाईन व मोझेल या नद्यांच्या मिलनस्थळी 'कोब्लेन्त्स' शहर आहे. ते नाव लॅटिन 'कॉन्फ्लुएन्तेस' म्हणजे 'एकत्र वाहणाऱ्या' यावरून पडले. आपली मांजरा गोदावरीस मिळते ती कंदकुर्तीजवळ, आणि आपण त्या स्थळास 'संगम' म्हणतो. 'संगम' म्हणजे एकत्र जाणे. त्यांच्याकडे पाणी मिळते, आपल्याकडे जणू दोघी बहिणी भेटतात.

शेवटी वर्गासाठी एक पाठ सुचवितो. 'वाहणे' हा शब्द सर्वत्र वापरण्याची मुलांना सवय लागते, आणि पाण्याच्या निरनिराळ्या चाली सांगणारी क्रियापदे मागे पडतात. लॅटिनमध्येही 'फ्लुएरे'च्या जोडीला, झिरपत पसरण्यास 'मानारे' असे वेगळे क्रियापद होते, आणि गावभर पसरणाऱ्या बातमीसही ते लावीत. मराठीत तर अशा क्रियापदांची ददातच नाही. पावसाच्या दिवशी मुलांना शाळेच्या ओसरीवर बसवावे व जे दिसते त्याला नेमके क्रियापद विचारावे. छप्पर गळते. पागोळ्यांचे थेंब ठिबकतात. माठ पाझरतो. पाणी मातीत झिरपते. काचेवरून थेंब ओघळतो. नाली तुंबते. भरलेली बादली सांडते, आणि स्वयंपाकघरात दूध उतू जाते. तेथे 'वाहते' म्हटले तर कोणतीही आई हसेल. ओढा तेवढा वाहतो. मुलांनी याशिवाय घरचे शब्द सांगितले, तर ते फळ्याच्या उजव्या बाजूस लिहून ठेवावेत व पुढील परिषदेस येताना त्यांची यादी सोबत आणावी. या तालुक्यातील अशा शब्दांचा एक छोटा संग्रह करण्याचा माझा मानस आहे, आणि त्यातील पहिली नोंद 'रान वाहणे' ही राहील.