ॲम्ब्युलन्समध्ये नोकरी करायचीय? 'ईएमटी' कोर्सला फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की पनवेल, खारघर, नेरूळ, वाशी भागातल्या पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती मोबाईलवर यायला लागतात. 'ईएमटी व्हा, १०८ मध्ये नोकरी', 'शंभर टक्के जॉब गॅरंटी', 'सरकारमान्य प्रमाणपत्र'. उरण, पेण, कर्जत, खालापूरकडची पोरं ते बघून थेट नवी मुंबई गाठतात. घरचे कुठून तरी पैसे उभे करतात. वर्ष संपतं, हातात रंगीत सर्टिफिकेट येतं आणि नोकरीच्या ठिकाणी कळतं की हा कागद इथं चालत नाही.

काम मात्र खरंच मोलाचं आहे आणि त्याची गरजही मोठी आहे. म्हणून ईएमटी म्हणजे कोण, तो काय शिकतो, कुठलं प्रमाणपत्र खरं आणि नोकरी नेमकी कुठं मिळते, हे नीट समजून घेऊ.

ईएमटी म्हणजे कोण?

ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. मराठीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. तो डॉक्टर नाही, नर्स नाही आणि ड्रायव्हरही नाही. अपघात झाला, छातीत कळ आली, साप चावला किंवा वाटेतच बाळंतपणाची वेळ आली, तर दवाखाना येईपर्यंत पेशंटचा जीव टिकवून ठेवणारा माणूस म्हणजे ईएमटी.

एक उदाहरण घ्या. समजा मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ रात्री बाईकचा अपघात झाला. गर्दी जमते. कुणी जखमीला पाणी पाजतो, कुणी हातपाय धरून रिक्षात टाकतो. हेतू चांगलाच असतो. पण बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मानेचं हाड मोडलं असेल आणि तसंच उचललं, तर मज्जारज्जूला इजा होऊन तो कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

शिकलेला ईएमटी आधी जागा सुरक्षित आहे का ते बघतो, कारण मागून भरधाव ट्रक आला तर एका जखमीचे तीन होतात. मग हातात ग्लोव्हज. रक्ताची धार लागली असेल तर ती आधी दाबून थांबवतो. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, नाडी लागते का, हे ठरलेल्या क्रमानं तपासतो. पेशंट शुद्धीत आहे, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावर हलतो की काहीच करत नाही, याची नोंद घेतो. मानेला कॉलर लावतो, फळीवर घेतो, गरज असेल तर ऑक्सिजन देतो. निघता निघता दवाखान्याला फोन करून कळवतो की असा असा पेशंट घेऊन येतोय. त्यामुळे गाडी पोचते तेव्हा तिथं तयारी झालेली असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं 'गोल्डन अवर'ची व्याख्याच घातली आहे. गंभीर इजेनंतरचा एक तास, ज्यात ताबडतोब उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वात जास्त. आपल्याकडं वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत पेशंट झोळीतून आणण्यातच हा तास सरतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकांना पायी चढून जावं लागलं. अशा ठिकाणी पहिला तास गावातल्याच माणसांच्या हातात असतो. म्हणून शिकलेलं पोरगं नोकरीला शहरात असलं, तरी त्याचं ज्ञान गावालाही उपयोगी पडतं.

कोर्समध्ये काय शिकवतात?

साधारण दोन पायऱ्या आहेत.

बेसिक ईएमटी: प्राथमिक तपासणी, बीपी-नाडी-ऑक्सिजन मोजणं, रक्तस्राव थांबवणं, हाड मोडल्यावर खपाची लावणं, तोंडावर मास्क धरून फुग्यानं श्वास देणं, सीपीआर, एईडी मशीन वापरणं, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, वाटेत झालेलं बाळंतपण, एकाच वेळी खूप जखमी असतील तर आधी कुणाला उचलायचं हे ठरवणं, स्ट्रेचर हाताळणं आणि कागदावर नीट नोंद करणं.

ॲडव्हान्स ईएमटी: याच्या पुढची पायरी. सलाईनची सुई लावणं, हृदयाचा आलेख काढणं, ठरलेली औषधं देणं. पण हे सगळं डॉक्टरच्या सूचनेनुसारच.

सीपीआरचंच घ्या. मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. ३० दाब, मग २ श्वास. वाचायला सोपं आहे, पण पुतळ्यावर घाम निघेपर्यंत सराव केल्याशिवाय हात बसत नाही. म्हणून कोर्स बघायला गेलात तर पहिला प्रश्न हाच: पुतळे किती आहेत आणि आमच्या हाताला कितीदा मिळणार? केवळ पीपीटी दाखवून ईएमटी तयार होत नाही.

प्रशिक्षण, प्रमाणपत्र, नोंदणी: तीन वेगळ्या गोष्टी

बहुतेकांची फसगत इथंच होते. क्लासवाला या तिन्हींची सरमिसळ करून सांगतो.

१. प्रशिक्षण म्हणजे शिकवणं. ते कुठलीही संस्था देऊ शकते.

२. प्रमाणपत्र म्हणजे तुम्हाला येतं की नाही ते तपासून दिलेला कागद. कौशल्य विकासाच्या व्यवस्थेत 'हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल' ही आरोग्य क्षेत्राची संस्था आहे. बेसिक आणि ॲडव्हान्स ईएमटी ही दोन्ही कामं तिच्या यादीत आहेत. बेसिकसाठी साधारणपणे बारावी विज्ञान लागतं. इथं महत्त्वाचं म्हणजे परीक्षा शिकवणारी संस्था घेत नाही, बाहेरचा परीक्षक येतो. 'आम्हीच शिकवणार, आम्हीच परीक्षा घेणार, आम्हीच सर्टिफिकेट देणार' असं कुणी म्हणत असेल तर तिथंच थांबा. या व्यवस्थेतल्या प्रमाणपत्रावर 'एनएसक्यूएफ लेव्हल' लिहिलेली असते. देशात व्यावसायिक प्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे एनसीव्हीईटी.

३. नोंदणी म्हणजे हा व्यवसाय करण्यासाठी परिषदेच्या यादीत नाव असणं. केंद्राचा सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या यादीत 'इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)' हे नाव स्पष्ट आहे. या कायद्याप्रमाणे सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचं शिक्षण लागतं. तीन-सहा महिन्यांचा कोर्स त्यात बसत नाही. तो कोर्स वाया जातो असं नाही, सुरुवातीच्या नोकरीला तो उपयोगी पडतो. पण त्यावर 'आता मी नोंदणीकृत पॅरामेडिक झालो' असं समजू नका. पुढं पदवी किंवा पदविका करायची तयारी ठेवा.

एक चौथा कागदही असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड. मोठी खासगी हॉस्पिटलं ते मागतात. एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं आणि कार्ड दोन वर्षं चालतं, नंतर पुन्हा करावं लागतं. हे कार्ड म्हणजे ईएमटीचं प्रमाणपत्र नव्हे. कुणी तसं सांगून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

१०८ मध्ये नोकरी लागेल का?

सर्वात जास्त खोटं इथंच बोललं जातं, म्हणून सरळ सांगतो.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. त्या वेळी ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक लाईफ सपोर्टच्या. दुसऱ्या अनेक राज्यांत १०८ च्या गाडीत ईएमटी बसतो. आपल्या राज्यानं मात्र सुरुवातीपासून गाडीत डॉक्टर ठेवला, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. सोबत ड्रायव्हर, ज्याला तिथं 'पायलट' म्हणतात. म्हणजे नुसत्या ईएमटी कोर्सवर १०८ च्या गाडीत डॉक्टरच्या जागी भरती होईल, हे आश्वासनच मुळात चुकीचं आहे. भरती निघालीच तर तिची लेखी जाहिरात वाचा, पात्रता बघा. क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मग काम कुठं आहे?

नवी मुंबई आणि आसपास जागा आहेत, फक्त त्या वेगळ्या ठिकाणी आहेत.

- खासगी हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्स आणि इमर्जन्सी विभाग. बेलापूर, नेरूळ, वाशी, कामोठे पट्ट्यात मोठी हॉस्पिटलं आहेत.
- खासगी ॲम्ब्युलन्स कंपन्या. पेशंटला एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवण्याचं काम यांच्याकडं मोठं असतं.
- कारखाने. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, पाताळगंगा, रसायनी. पाचशेच्या वर कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम हवी, हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनचा आहे. रासायनिक कंपन्यांना वायुगळती आणि भाजण्याच्या घटना हाताळणारी माणसं लागतात.
- बंदर, मोठी बांधकामं, विमानतळ, मॅरेथॉन आणि मोठ्या सभांचे कार्यक्रम.

पगार विचाराल तर ठिकाणाप्रमाणे फरक आहे. मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्ट विचारा: ड्युटी ८ तासांची की १२, पीएफ-ईएसआय कापतात का, आणि नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची. काम रात्रपाळीचं आहे. पेशंट उचलून जिने उतरायचे असतात. रक्त, उलटी, नातेवाइकांचा आक्रोश रोज बघावा लागतो. हे आधी घरी बोलून घ्या. मुलींनीही जरूर विचार करावा. बाळंतपणाच्या पेशंटसोबत गाडीत शिकलेली बाई असली की पेशंटला मोठा आधार वाटतो.

फी भरण्याआधी हे ७ प्रश्न विचारा

१. प्रमाणपत्रावर कुणाचं नाव असेल? विद्यापीठ, सरकारी मंडळ, स्किल कौन्सिल की फक्त तुमची संस्था? मागच्या बॅचचं प्रमाणपत्र दाखवा.

२. संस्थेचं नाव त्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या वेबसाइटवर आहे का? हे घरी बसून स्वतः तपासा. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची म्हणून सांगत असतील तर त्या विद्यापीठाच्या यादीत बघा. कामोठे आणि नेरूळमध्ये वैद्यकीय अभिमत विद्यापीठं आहेत. तिथं यंदा ही शाखा आहे का, हे एजंटला नाही, थेट प्रवेश कार्यालयात विचारा.

३. परीक्षा कोण घेतं?

४. हॉस्पिटलमध्ये आणि ॲम्ब्युलन्सवर प्रत्यक्ष ड्युटी किती दिवस? कुठल्या हॉस्पिटलशी लेखी करार आहे?

५. शिकवणारे कोण? त्यात इमर्जन्सीत काम केलेला डॉक्टर किंवा पॅरामेडिक आहे का?

६. एकूण फी किती? परीक्षा, ड्रेस, राहणं यात धरलंय का? पैसे परत कधी मिळतात? प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

७. मागच्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठं कामाला आहेत? त्यातल्या दोघांशी बोलू द्या.

सात प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली तर पुढं चला. 'आज भरलं तर सवलत, उद्या सीट संपेल' अशी घाई केली तर उठून या. आणि मूळ दहावी-बारावीची कागदपत्रं कुणाकडंही ठेवू नका, झेरॉक्स द्या.

कोर्स झाला म्हणून दवाखाना थाटू नका

ईएमटीनं गावात येऊन इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, गोळ्या लिहून देणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्यावर कारवाई होते. तुमचं काम पेशंटला जिवंत दवाखान्यापर्यंत पोचवणं. गावात करण्यासारखं बरंच आहे: सीपीआर शिकवा, साप चावला तर करकचून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, हातपाय न हलवता लगेच सरकारी दवाखान्यात न्या, हे लोकांना सांगा.

कोर्स न करणाऱ्यांसाठीही

अपघातातल्या जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत दीड लाखापर्यंत, सात दिवसांचे कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. दवाखान्यात गेल्यावर तिची विचारणा करा.

अपघात दिसला तर आधी १०८ लावा. ठिकाण सांगताना गाव, जवळचा फाटा, किलोमीटरचा दगड किंवा पेट्रोल पंप सांगा. समोरचा माणूस 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन कट करू नका.

ही माहिती बारावी झालेल्या पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या ग्रुपवर जरूर पाठवा. एखाद्या घराची वर्षाची कमाई वाचेल.